तळ्याच्या अलीकडची जमीन

जानेवारीत एके दिवशी इर्याने स्वयंपाकघरातली आपली खुर्ची फिरवली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. लग्न झाल्यापासून ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. खिडकीतून तळं दिसायचं, तळ्यात लोकी नावाचं चिमुकलं बेट, बेटावर वाऱ्याने वाकलेले पाइन. दर मार्चमध्ये बर्फ कडक झाला आणि ऊन लांबलं की इर्या पायांना स्की लावून त्या बेटावर जायची, एका खडकावर बसून थर्मासमधली कॉफी प्यायची आणि परत यायची. तिथे जाऊन काय करतेस, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "काही करत नाही, म्हणून तर जाते." मग गुडघा गेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या रांगेत नाव घातलं आणि रांग म्हटली की ती कुठल्याही देशात रांगच असते. स्की माळ्यावर गेल्या. दोन हिवाळे तिने खिडकीतून नुसतं बघून काढले आणि तिसऱ्या हिवाळ्यात खुर्ची उचलून फ्रिजकडे तोंड करून ठेवली.

तिने तक्रार केली असती तर तिच्या नवऱ्याला, म्हणजे आऊलिसला, सोसवली असती. तक्रारी ऐकण्यातच त्याचा जन्म गेला होता. दूर उत्तरेकडच्या सुवासल्मी गावच्या औषधांच्या दुकानात तो काउंटरमागे उभा असायचा आणि साध्या खोकल्याच्या औषधाचंही माहितीपत्रक वाचून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नसे. दुष्परिणामांपाशी आला की आवाज थोडा खाली आणायचा. आऊलिसकडून गोळी घेतली की अर्धा आजार भीतीनेच पळतो, असं गावात म्हणत. पण फ्रिजकडे बघत बसलेल्या बायकोवर कुठलंच माहितीपत्रक चालत नव्हतं. मग त्याला स्वप्नं पडू लागली, तीही दिवसाढवळ्या, काउंटरवर. स्वप्नात संध्याकाळचा निळा उजेड असायचा. तो पुढे, इर्या मागे, खाली इंजिनावर पळणारी बर्फगाडी आणि समोर ते बेट हळूहळू मोठं होत चाललेलं. एकदा या नादात त्याने एका आजोबांना पत्रक न वाचताच रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. आजोबा घाबरून दारातून परत आले आणि म्हणाले, "आऊलिस, तुझी तब्येत बरी आहे ना?"

तर अशा अवस्थेत त्याने शेजारच्या गावातून एक जुनी पिवळी बर्फगाडी आणली. दुसरा कुणी असता तर आणली त्याच दिवशी चालवली असती. आऊलिसने आधी नियम मिळवले. रोज जेवण झालं की तो ते फ्रिजकडे बघत बसलेल्या इर्याला वाचून दाखवी. हेल्मेट घातलंच पाहिजे, मागे बसणाऱ्यानेही. दिवे दिवसासुद्धा लावलेले हवेत. जमिनीवर अमुक वेग, बर्फाळ तळ्यावर तमुक. रस्ता ओलांडता येतो, रस्त्याने जाता येत नाही. आणि शेवटी सगळ्यात गोड नियम: गोठलेलं तळं सगळ्यांचं, तिथे कुणालाही न विचारता गाडी न्यावी.

"आता दुष्परिणाम पण वाच," इर्या म्हणाली.

दुष्परिणाम पुढच्याच ओळीत होते. तळं सगळ्यांचं असलं तरी जमीन ज्याची त्याची असते आणि दुसऱ्याच्या जमिनीवरून मोटार न्यायची तर मालकाची परवानगी लागते. आऊलिसच्या कुंपणापासून तळ्यापर्यंत जमिनीची एक पट्टी होती. दोन गायी एकीमागे एक उभ्या केल्या तर संपेल एवढी. तिच्यावर थोडी झुडपं, एक ॲस्पेनचं झाड आणि बाकी नुसता बर्फ. ती पट्टी नूतिनेनांची. म्हातारी नूतिनेनबाई गेली तेव्हा ती तिच्या तीन मुलांच्या नावावर एकत्र झाली आणि आजतागायत एकत्रच राहिली होती. तिथून पायी जायला कुणाचीच ना नव्हती. स्कीवर जा, बेरी वेचा, वाटलं तर घोड्यावर बसून जा, देशाचा कायदा उदार होता. इंजिन आलं की मात्र तिघांची परवानगी हवी. तळ्यावर उतरायला गावाचा धक्का होता, पण तो पुलाच्या पलीकडे, आणि पुलाखालचं पाणी वाहतं असल्याने भर हिवाळ्यातही गोठायचं नाही. म्हणजे तिकडून बर्फगाडीने यायचं तर गाडीला पोहता यायला हवं होतं.

त्याचा शेजारी कोस्ती हा बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला ही अडचण ऐकून आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. अख्खं गाव वर्षानुवर्षं त्या पट्टीवरून तळ्यावर जात होतं. कोस्ती तर मासेमारीला रोजच जायचा.

"अरे बाबा, विचारायचं नसतं," त्याने आऊलिसला समजावलं. "विचारलं की समोरच्याला विचार करावा लागतो. कशाला कुणाला त्रास देतोस?"

आऊलिस म्हणाला की गावाला मी रोज सांगतो, लिहिलंय तसं वागा, आणि मीच असं केलं तर उद्या लोक जेवणाआधीच्या गोळ्या जेवणानंतर घेतील. कोस्तीने यावर बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. तो स्वतः सगळ्या गोळ्या एकदम, आठवण होईल तेव्हा घेत असे.

तिघा भावंडांत थोरली लेम्पी. शाळेत तिने आऊलिसला शिकवलं होतं, त्यामुळे साठीला आलेला आऊलिस तिच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाईंनी त्याला बसवलं, वेलदोड्याचा पाव दिला आणि अजून सात आकड्याची मान उलटी काढतोस का, असं विचारलं. मग त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझी काहीच हरकत नाही रे," लेम्पीबाई म्हणाल्या. "पण मी थोरली. मी आधी हो म्हटलं तर त्या दोघांना वाटेल की ताईने परस्पर ठरवून टाकलं. तू आधी त्यांना विचार. ते हो म्हणाले की माझं हो धरूनच चाल."

आऊलिस खूश होऊन घरी आला. तिघांपैकी एकीचं काम झालं असं त्याला वाटलं. पुढच्या रविवारी तो मधल्या भावाकडे, ताउनोकडे, शहरात गेला. ताउनो मोठा सज्जन माणूस. त्याचीही काहीच हरकत नव्हती. पण दोन बहिणींच्या मध्ये आपण आधी बोललो तर पुरुष म्हणून हुकूम सोडला असं दिसेल, तेव्हा त्या दोघींचं झालं की आपलं झालंच. मग आऊलिस धाकटीकडे, रायलीकडे गेला. धाकटी साठी ओलांडलेली, पण धाकटी ती धाकटीच. "मी आधी तोंड उघडू? आमच्या घरात तशी पद्धत नाही," ती म्हणाली आणि त्याला कॉफी दिली.

म्हणजे नाही कुणीच म्हणालं नव्हतं आणि हो सुद्धा कुणी म्हणालं नव्हतं. आऊलिसने पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा तीन घरी कॉफी प्यायला. तिसऱ्या फेरीत त्याला उमगलं की आईला पोचवून आल्यापासून ही तिघं एका खोलीत बसलेलीच नाहीत. भांडण नव्हतं. वाकडा शब्दही झाला नव्हता. आधी फोन कुणी करायचा एवढंच ठरायचं राहिलं होतं आणि त्यात वर्षांमागून वर्षं गेली होती.

इकडे विचारल्याची फळं दिसू लागली. लेम्पीबाईंना वाटलं, विषय आता रीतसर निघालाच आहे तर निकाल लागेपर्यंत काहीतरी करायला हवं. त्यांनी पट्टीवर आडवी दोरी बांधली आणि दोरीला लाल फडकं लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आऊलिसने सगळ्यांसमक्ष उघडली. मासेमारीला निघालेली सगळी मंडळी आपापल्या बर्फगाड्यांसह दोरीशी थबकली आणि मग एकामागून एक औषधांच्या दुकानात आली. कुणाला काही आजार नव्हता. ते नुसते काउंटरपाशी उभे राहून आऊलिसकडे बघायचे आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन जायचे. या देशातली माणसं रागावली की अशी रागावतात.

स्वतःच्या अंगणात चालवायला मात्र परवानगी लागत नव्हती. सराव हवा म्हणून आऊलिस रोज संध्याकाळी हेल्मेट घालून, दिवे लावून ध्वजाच्या खांबाभोवती फेऱ्या मारू लागला. स्वप्नातली गाडी निःशब्द होती. ही मात्र अशी गरजायची की खिडकीतल्या काचा थरथरायच्या. घाण्याच्या बैलासारखा तो गोल गोल फिरायचा, बर्फात खोल चर पडला आणि काही दिवसांनी कुंपणावरून त्याचं नुसतं हेल्मेट फिरताना दिसू लागलं. लोक मुद्दाम फिरायला त्या रस्त्याने येत. एका संध्याकाळी वळण चुकलं आणि तो बर्फाखाली झोपलेल्या करवंदासारखी फळं येणाऱ्या झुडपांत गेला. ती इर्याची, दर उन्हाळ्यात मुरांब्याला लागणारी. इर्या दारात आली, झुडपांतून वर आलेला नवरा तिने पाहिला आणि म्हणाली, "मला बेटावर न्यायचं होतं ना तुला? हा रस्ता लांबचा दिसतो." आऊलिसला हे लागलं. पण बऱ्याच दिवसांनी ती हसली होती, म्हणून त्याने लागलेलं आत ठेवलं.

आवाजाची तक्रार झाली. नगरपालिकेच्या कार्यालयात सातू नावाची तरुण बाई होती, तिने त्याला बोलावलं. आऊलिसने तक्रार मान्य केली आणि आता आलोच आहे तर म्हणून पट्टीचं गाऱ्हाणं मांडलं. सातूचे डोळे चमकले. नगरपालिका तिथून बर्फगाड्यांचा अधिकृत मार्ग आखू शकते, असं तिने सांगितलं. मग मालकांना एकेकट्याने विचारायची गरज नाही. फक्त आराखडा, जाहीर सुनावणी, फलक आणि निसर्गाची पाहणी. एवढ्याशा जागेला? एवढ्याशा जागेलाच, कारण एवढ्याशा जागेतच उडती खार राहते आणि तिच्या घराला कायद्याने धक्का लावता येत नाही. ॲस्पेनच्या झाडावर तर हमखास.

पाहणीला एक गृहस्थ आले. ते ॲस्पेनखाली गुडघ्यांवर बसले, बर्फ हाताने बाजूला करत राहिले आणि शेवटी भिंगातून दोन पिवळट कणांकडे बघून म्हणाले की ही खारीची लेंडी असू शकते, नसूही शकते, नक्की काय ते बर्फ वितळल्यावर सांगू. बर्फ वितळल्यावर मला बर्फगाडीचा काय उपयोग, असं आऊलिसने अदबीने विचारलं. ते म्हणाले, तो माझ्या खात्यातला प्रश्न नाही. जाताना त्यांनी झाडाला एक फीत बांधली. पट्टीवर आता लाल फडकं आणि पिवळी फीत अशी दोन निशाणं फडकू लागली. कोस्ती म्हणाला, अजून एक लागलं की जत्राच भरवू.

मार्च अर्धा सरला. दिवस लांबले, दुपारी छपरांवरून पाणी ठिबकू लागलं. संध्याकाळी तळ्यावर निळा उजेड पसरायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा, जणू त्यालाही कुठे जायचं नाही. आऊलिस गाडीवर बसायचा, पण चालू करायचा नाही. नुसता बेटाकडे बघत बसायचा. अजून तीन आठवडे बर्फ टिकेल, फार तर चार. पुढच्या वर्षी गुडघा कसा असेल, रांग कुठे पोचली असेल, कुणाला ठाऊक. त्याला फार वाईट वाटत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण गावाच्या हिशेबी त्याने सगळं स्वतःच ओढवून घेतलं होतं.

इर्याच त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. काठीवर रेलून म्हणाली, "तू त्यांना एकेकट्याने गाठतोस, तिथे चुकतंय. तिघांना कॉफीला बोलाव."

"आणि बोलावून?"

"बोलाव तर खरं."

रविवारी तिघंही आली, तीन वेगवेगळ्या मोटारींनी. लेम्पीबाई खिडकीशी उभ्या राहिल्या, ताउनो दाराशी, रायली पुस्तकांच्या कपाटाशी. कोस्तीलाही बोलावलं होतं, तो टेबलाच्या सगळ्यात जवळ आणि त्यामुळे सगळ्यात अवघडलेला. टेबलावर वेलदोड्याच्या पावाची वेणी, तीन तऱ्हेची बिस्किटं, केक आणि वाफाळती कॉफी. इर्या म्हणाली, घ्या ना. कुणीही हललं नाही. सुवासल्मीत कॉफीच्या टेबलाशी पहिलं जाणं म्हणजे हावरटपणाचा जाहीरनामा. साधारणपणे सगळ्यात वयस्कर बाईला सगळे मिळून ढकलतात, ती नाही नाही म्हणत जाते आणि मग बाकीचे सुटतात. पण इथे वयस्कर लेम्पीबाई, आणि त्यांना ढकलायचं तर आधी भावंडांपैकी कुणीतरी बोलायला हवं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला. आऊलिसने ही संधी साधून जमिनीवर मोटार चालवण्याविषयीचा कायदा थोडक्यात वाचून दाखवला, त्यामुळे शांतता आणखी वाढली.

तेव्हा इर्या काठी टेकत टेबलाशी गेली आणि तिने पहिला कप स्वतःसाठी भरला. यजमानीण पाहुण्यांच्या आधी! कोस्तीने नजर जमिनीकडे वळवली. इर्याने उभ्या उभ्या एक घोट घेतला.

"मला लोकीवर जायचंय," ती म्हणाली. "दोन वर्षं मी बोलले नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी रागावणार नाही. पण कॉफी गरम आहे तोवर म्हणा."

सगळे एकदम टेबलाकडे धावले. कप वाजले, पाव कापला गेला, ताउनोने रायलीला साखर दिली आणि रायलीने ती घेतली. पण परवानगीविषयी कुणी बोललं नाही. कॉफी पोटात गेली म्हणून काही जन्माच्या सवयी सुटत नाहीत. शेवटी कोस्ती तोंडात केक असतानाच म्हणाला की गाडीतून इंजिनाचा जोर पुढे पोचवणारा पट्टा काढून टाकला तर ती मोटार कसली राहिली? इंजिन गाडी हलवू शकत नाही म्हणजे ते फर्निचर झालं. आपलं कपाट दुसऱ्याच्या जमिनीवरून ढकलत न्यायला परवानगी लागते का? पायी जायला तर कुणालाच मनाई नाही.

आऊलिसने नियम पुन्हा वाचले. चालवणं होतं, ढकलणं कुठेच नव्हतं. त्याने उजेडाकडे धरून पाठची बाजूही पाहिली.

"पण हेल्मेट घालावं लागेल," तो म्हणाला.

लेम्पीबाईंनी कप खाली ठेवला आणि कोट चढवला. "मी परवानगी देत नाहीये, हे लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "मी नुसती बघायला येतेय." ताउनोही नुसता बघायलाच निघाला आणि रायलीला एकटीने मागे राहणं बरं दिसेना.

कोस्तीने गाडीचं झाकण उघडून रबरी पट्टा काढला आणि आऊलिसच्या हातात दिला. हात मोकळे हवेत म्हणून आऊलिसने तो जानव्यासारखा खांद्यावरून आडवा घातला. इर्याला सगळ्यांनी मिळून गाडीवर बसवलं, दुखरा पाय ब्लँकेटवर टेकवून. हँडल तिच्याच हातात आलं. चालवणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, असं आऊलिस म्हणायला लागला, तेव्हा कोस्तीने विचारलं, "कपाट चालवायला?" आऊलिसने परवान्याचा विषय सोडला, पण दिवा मात्र लावून घेतला.

कोस्ती आणि आऊलिस ढकलू लागले. गाडी जेमतेम कुंपणाबाहेर आली आणि मऊ बर्फात रुतली. ते दोघे धापा टाकत होते आणि तिघं मालक बघत होती. मग लेम्पीबाईंनी आपली दोरी सोडली आणि फडक्यासकट खिशात टाकली. "बघत काय उभा राहिलास ताउनो?" त्या म्हणाल्या, "उजवीकडून लाव हात." ताउनोने हात लावला. रायली कुणी सांगायची वाट न बघता डावीकडे गेली. लेम्पीबाईंनी मागचा दांडा धरला, ढकलण्यासाठी कमी आणि हुकूम सोडण्यासाठी जास्त. आधी हात लावायला कुणी तयार नव्हतं, पण एकदा लागल्यावर मागे राहायलाही कुणी तयार नव्हतं. गाडी सुटली, ॲस्पेनच्या फितीला वळसा घालून उतारावरून घसरली आणि बघता बघता पट्टी संपली. गाडी तळ्यावर होती.

तिथे बर्फ वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेला. गाडी हलकी चालू लागली. निळा उजेड सगळीकडे सारखा पसरला होता, वर कुठे आकाश संपतं आणि खाली कुठे तळं सुरू होतं ते कळत नव्हतं. इर्या हँडल धरून ताठ बसली होती. समोर लोकीचे वाकडे पाइन एकेक करून वेगळे दिसू लागले होते. कुणी हात सोडला नाही. आधी हात कुणी सोडायचा, हा प्रश्न आता नव्याने उभा राहिला होता.

"तू अजून उजवीकडेच ओढतोस," रायली भावाला म्हणाली. "आईची होडी ढकलताना पण असंच करायचास. दर वेळी झुडपात."

"होडी वाकडी होती."

"होडी सरळ होती, ताउनो," लेम्पीबाई म्हणाल्या. "तूच वाकडा होतास." आणि तिघंही हसली. चालता चालता होडीवरून आई निघाली, आईवरून तिची सुकवलेली मासळी आणि मासळीवरून एक जुनं मांजर, ज्याचं नाव तिघांनी तीन वेगळं सांगितलं.

आऊलिस मागून ढकलत होता. त्याला ठाऊक होतं की किनारा संपला तिथेच नियमही संपला. इथे तळं सगळ्यांचं. इंजिन चालू करायला नूतिनेनांची, नगरपालिकेची, कुणाचीच परवानगी नको. पट्टा त्याच्या खांद्यावरच होता, कोस्तीने तो दोन मिनिटांत बसवला असता, आणि या थकलेल्या माणसांना उगाच ढकलायला लावणं शुद्ध अडाणीपणा होता. कोस्तीलाही हे माहीत असावं, कारण तो सारखा आऊलिसकडे बघत होता. आऊलिसने सांगायला तोंड उघडलं. त्याने सांगितलं असतं तर तिघं लगेच बाजूला झाली असती, चुकल्यासारखं हात झटकले असते आणि आपापल्या मोटारीकडे परत वळली असती.

"काही म्हणालास का रे आऊलिस?" लेम्पीबाईंनी मागे न बघता विचारलं.

"नाही बाई," आऊलिस म्हणाला, आणि ढकलू लागला.